शुक्रवारी दुपारी बारापर्यंत

सोमवारी सकाळी सव्वादहाला बिशपांच्या बंगल्यातला फोन वाजला. पॅसेजमधला तो फोन एरवी सेक्रेटरी फादर उचलायचे, पण त्या दिवशी बिशपांनी स्वतः उचलला. चार मिनिटं ते नुसते "हो" आणि "बरं" म्हणत राहिले. मग रिसीव्हर ठेवला, सरळ स्वयंपाकघरात आले आणि बहिणीला म्हणाले, "छोटे, कपडे धुवायचं मशीन चालू कसं करतात गं?"

छोटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, वय वर्षं एकाहत्तर. लोकांसमोर ती त्यांना इतरांसारखं 'बिशप' म्हणायची, 'अहो-जाहो' करायची. घरात मात्र तो दादा आणि ती छोटी, यात सत्तर वर्षांत काही फरक पडला नव्हता. तिच्या हातातला चमचा हातातच राहिला. मशीन कुठल्या खोलीत आहे हे तरी दादाला ठाऊक असेल की नाही, याची तिला शंका होती.

"कशाला? काय धुवायचंय तुला?"

"काही नाही. सहज."

"सहज कुणी मशीन विचारतं का?"

"माहीत असावं माणसाला," दादा म्हणाला. मग तिने साबण कुठे घालायचा आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, तेव्हा तो उद्या परीक्षा असल्यासारखा लक्ष देऊन बघत उभा राहिला. एवढंच नाही, तर खिशातून कागद काढून लिहूनही घेतलं. छोटीच्या मनात तिथेच पहिली पाल चुकचुकली.

खरं तर तिला त्या आठवड्यात स्वतःच्याच काळज्या पुरेशा होत्या. शनिवारी तिला एक पत्र आलं होतं. सिस्टर लोक चालवत असलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आश्रमात तिने चार वर्षांपूर्वी नाव घालून ठेवलं होतं आणि आता तिचा नंबर लागला होता. तिथल्या मदरने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: खोली तुमच्या नावाने धरून ठेवली आहे. नको असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोन करून तसं सांगा. फोन आला नाही तर होकार समजू. तुमच्यामागे अकरा जणी आहेत.

छोटीला जायचं होतं. हे ती स्वतःशीसुद्धा हळूच कबूल करायची. खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि खिडकीखाली शिलाई मशीन मावेल एवढी जागा. पलीकडच्याच खोलीत तिची जुनी मैत्रीण होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दोघींनी तीस वर्षं शेजारी शेजारी मशीन मारली होती आणि त्या गोंगाटात ओरडून गप्पा मारायची सवय अजून दोघींची गेली नव्हती. पण दादाचं काय करायचं? नवरा वारला त्याच वर्षी दादा बिशप झाला होता आणि म्हणाला होता, "सहा महिने ये, घराची घडी बसेपर्यंत." ती घडी बावीस वर्षं बसतच होती. रविवारी जेवताना तिने त्याला पत्र वाचून दाखवलं, तर तो सूप पीत म्हणाला, "बघू. शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना?" आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं हे असं सुरू झालं.

मंगळवारी तो पुस्तकं आवरायला बसला. ज्या कपाटाला हात लावला म्हणून तिला दोनदा बोलणी बसली होती, ते कपाट त्याने स्वतः रिकामं केलं, जमिनीवर तीन ढीग केले आणि मधोमध बसून राहिला. "हे काय मांडलंयस?" तिने विचारलं. "कमी करतोय," तो म्हणाला. पुढे ताकास तूर लागू दिली नाही.

त्यात सेक्रेटरी फादरांचंही काही धड दिसेना. पन्नाशीचा हा माणूस इतका नीटनेटका, की त्याची पेन्सिलसुद्धा टेबलाला समांतर ठेवलेली असायची. मंगळवारी दुपारी त्यांनी चहात मीठ घातलं आणि तो चहा पूर्ण प्यायलासुद्धा. जेवताना दादा म्हणाला, "घ्या फादर, तुम्ही आधी." फादर म्हणाले, "नाही नाही, तुम्ही आधी." अशी दहा वर्षांत कधी न झालेली खेचाखेच भांड्यावरून झाली, सूप गार झालं आणि दोघेही एकमेकांकडे न बघता ब्रेड खाऊन उठले.

भांडी आवरताना फादर तिच्यामागे येऊन उभे राहिले. "ताई," ते घसा साफ करत म्हणाले, "बिशप नवीन होते ना, अगदी पहिल्या आठवड्यात, तेव्हा ते कसे होते हो? म्हणजे झोप वगैरे लागायची का त्यांना?"

"का विचारताय?"

"काही नाही. आठवणी असाव्यात गोळा केलेल्या."

आठवणी! छोटी ताटली पुसत तशीच उभी राहिली. माणसाच्या आठवणी गोळा करायची वेळ कधी येते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मागचे बिशप गेले तेव्हा चर्चच्या मासिकाने काळ्या चौकटीत चार पानं आठवणी छापल्या होत्या. तरी तिने फादरांना खरं ते सांगितलं. पहिला आठवडाभर दादा झोपला नव्हता. रोज पहाटे उठून स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि म्हणायचा, छोटे, त्यांनी चुकीच्या माणसाला निवडलंय. हे ऐकून फादरांना एकदम धीर आल्यासारखं दिसलं. "असं म्हणायचे?" त्यांनी दोनदा विचारलं. त्या माणसाला यात आनंद कसला झाला, ते काही तिला कळेना.

बुधवारी मात्र तिच्या पायाखालची वाळूच सरकली.

बंगल्यातून कॅथेड्रलकडे जाणाऱ्या लांब पॅसेजमध्ये आजवरच्या बिशपांच्या तसबिरी होत्या. पाच होत्या. पाचही जण याच बंगल्यात, कामावर असतानाच गेलेले होते. पंच्याहत्तरी झाली की बिशपाने पोपमहोदयांकडे राजीनामा पाठवायचा असा नियम होता खरा, पण तिथवर त्या पाचांतला एकही टिकला नव्हता. दादा टिकला. दोन वर्षांपूर्वी त्याने पत्र पाठवलं, तेव्हा छोटीने बॅगासुद्धा भरल्या होत्या. उत्तर आलं: पुढील सूचना मिळेपर्यंत काम चालू ठेवावे. छोटीने बॅगा रिकाम्या केल्या. 'पुढील सूचना' हे शब्द तिने कारखान्याच्या फळ्यावर तीस वर्षं वाचले होते आणि ती सूचना आलेली कधीच पाहिली नव्हती. त्यामुळे तो विषय तिने डोक्यातून काढून टाकला होता. त्या भिंतीवर आजवर जिवंत माणूस लागलेला नव्हता, एवढं मात्र तिला पक्कं माहीत होतं.

आणि बुधवारी सकाळी त्या भिंतीपुढे शिडी लावून फ्रेमवाला उभा होता. पाचव्या तसबिरीच्या पुढची जागा टेपने मोजत होता.

"हे काय चाललंय?"

"मोजमाप, ताई. बिशपांनीच बोलावलंय. म्हणाले, सहावी इथे बसते का बघून ठेव." त्याने पेन्सिलने भिंतीवर एक बारीक फुली मारली. "बसते. जरा खेटून बसेल, पण बसते."

छोटी समोरच्या बाकावर बसली आणि त्या फुलीकडे बघत राहिली. तिला एकदम दादाच्या दीक्षेचा दिवस आठवला. चौदाव्या वर्षी पत्र्याची ट्रंक घेऊन सेमिनरीत गेलेला पोरगा सव्विसाव्या वर्षी फादर होणार होता. विधीत एका क्षणी तो वेदीपुढे जमिनीवर पालथा झोपला. हात-पाय ताणलेले, कपाळ फरशीला टेकलेलं. माणसाने आपलं सगळं सोडून दिलं असं दाखवायचं असतं तेव्हा. प्रार्थना लांबतच गेली. आई छोटीच्या कानाशी येऊन म्हणाली, "उठेल ना गं तो?" तेव्हा छोटीला हसू आलं होतं. आज तिला आईची ती भीती पुरती कळली.

गुरुवारी ती तडक डॉक्टरांकडे गेली. दादाचे डॉक्टर वीस वर्षांपासूनचे, तिला नेहमी खुर्ची देणारे.

"डॉक्टर, मला खरं सांगा. किती दिवस आहेत?"

"कशाला?"

"बिशपांना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, त्यांची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे. रक्तदाब तुमच्यापेक्षा चांगला आहे. गुडघा दुखतो, तो या वयात सगळ्यांचा दुखतो. काय झालं?"

छोटी उठली. डॉक्टरही सांगणार नव्हते. त्यांनीही शपथ घेतलेलीच असते. रस्त्याने परत येताना तिला सगळ्या जगाचा राग आला. तिच्या भोवतीची सगळी माणसं कसली ना कसली शपथ घेऊन बसलेली होती. दादाचं तर आयुष्यच त्यात गेलं होतं. एकावन्न वर्षं लोकांचे कबुलीजबाब ऐकले आणि त्यातला शब्दसुद्धा ओठांबाहेर येऊ दिला नाही. तीन गावं सांभाळली, सेमिनरीत नऊ वर्षं शिकवलं, धर्मप्रांतात बावीस वर्षं भांडणं मिटवली. लोक म्हणायचे, बिशपांच्या पोटात गेलेली गोष्ट विहिरीत पडली. छोटीला त्याचा अभिमान वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, जळो तो अभिमान.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने त्याला सरळच विचारलं. "दादा, तुला काय झालंय?"

"काही विचारू नकोस."

"का नको?"

"विचारू नकोस, एवढंच. उद्या दुपारी विचार." त्याने कप ठेवला. "तू त्या खोलीचं काय ठरवलंस?"

"ठरवायचंय काय त्यात? उद्या फोन करून नाही म्हणून सांगते. तुला अशा वेळी टाकून जाईन होय?"

दादाचा चेहरा पडला. त्याच वेळी दारातून जाणारे सेक्रेटरी फादर थबकले, त्यांच्या हातातली फाईल पडली, कागद पसरले, आणि दोघे मोठे धर्मगुरू गुडघ्यांवर बसून कागद गोळा करू लागले. छोटीने डोक्याला हात लावला. मरणाऱ्या माणसाबद्दल इतकं गोंधळलेलं घर तिने पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी दादा सकाळी आठपासून पॅसेजमध्ये फोनशेजारी खुर्ची टाकून बसला. अंगावर सणावारी घालायचा झगा होता, तेहतीस बटणांचा, कमरेला जांभळा पट्टा. ते बटण न् बटण छोटीनेच शिवलेलं होतं. दादाला सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही. "इथे कशाला बसलास?" तर म्हणे, "उजेड चांगला आहे." त्या पॅसेजला खिडकीच नव्हती.

साडेअकरा वाजता ती ओले हात पुसत आली. मदरचं पत्र तिच्या हातात होतं. तिने रिसीव्हर उचलला, पहिला आकडा फिरवला, आणि दादाने हात पुढे करून फोनचा खटका दाबून धरला.

"दादा, हात काढ."

"नाही."

"मला मदरला फोन करायचाय. अर्ध्या तासात नाही सांगितलं तर खोली माझ्या गळ्यात पडेल."

"पडू दे."

"पडू दे? आणि तुझ्याकडे कोण बघणार?" तिने त्याचं मनगट धरून ओढलं. बिशपांची अंगठी घातलेला तो हात जागचा हलला नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसात एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. "काय चाललंय तुझं? मशीन काय शिकतोस, पुस्तकं काय कमी करतोस, भिंत काय मोजून घेतोस! मला काय डोळे नाहीत? तू मरायला टेकलायस, आणि सगळ्या गावाला सांगितलंस, फक्त मला नाही!"

"मरायला?" दादा तिच्याकडे बघतच राहिला. "कोण?"

"तू!"

त्याला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून ते तिथेच विरलं. "मी मरत नाहीये, छोटे. वेदीची शपथ."

"मग झालंय काय?"

"ते सांगता येत नाही."

"कुणी अडवलंय?"

"तेही सांगता येत नाही."

आता मात्र छोटीचं डोकं चालेना. मरत नाही, आजारी नाही, आणि फोनवर हात ठेवून बसलाय. म्हणजे डोकंच फिरलं असणार, दुसरं काय. तिने हाका मारमारून सेक्रेटरी फादरांना बोलावलं. ते चॅपलमधून आले, हातात जपमाळ, चेहरा पांढराफटक.

"फादर, तुमचा मोबाइल द्या जरा."

फादरांनी मोबाइल काढला, दादाकडे पाहिलं, आणि मोबाइल पाठीमागे लपवला. "बंद आहे, ताई," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे तो वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला. "म्हणजे आता बंद आहे." बिचाऱ्यांनी उभ्या आयुष्यात खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता.

मग ते तिघं तसेच राहिले. दादा खटक्यावर हात दाबून, छोटी रिसीव्हर कानाशी धरून आणि फादर भिंतीला टेकून. छोटी मधूनमधून त्याला काय वाटेल ते बोलत होती. बावीस वर्षांचं साठलेलं सगळं तिने काढलं. गार झालेली जेवणं, सतरा पाहुण्यांच्या न सांगता आलेल्या पंगती, तिच्या वाढदिवसाला त्याला दरवेळी निघणारं काम. दादा मान खाली घालून ऐकत होता. एकदाच म्हणाला, "अजून अकरा मिनिटं."

मग कॅथेड्रलची दुपारी बाराची, प्रार्थनेची घंटा झाली. तीन टोले, पुन्हा तीन, पुन्हा तीन. दादाने शेवटच्या टोल्यापर्यंत वाट पाहिली आणि हात काढला. तळहातावर खटक्याचा लाल वळ उठला होता.

"माझा राजीनामा मंजूर झाला," तो म्हणाला. "सोमवारी पोपमहोदयांच्या राजदूतांनी कळवलं. आज दुपारी बाराला जाहीर होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही, असं वचन घेतलं होतं. आता मी बिशप होतो म्हणायचं." त्याने फादरांकडे हात केला. "आणि हे नवे बिशप."

सेक्रेटरी फादर भिंतीला घसरत घसरत खालीच बसले. "ताई, मला झोप नाही हो सोमवारपासून," ते म्हणाले. "त्यांनी चुकीच्या माणसाला निवडलंय."

छोटीने रिसीव्हर जागेवर ठेवला. दादा जगणार होता, याचा तिला इतका आनंद झाला की त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि राग एवढा आला की तोच गळा धरावासा वाटला. "पाच दिवस, दादा," ती म्हणाली. "पाच दिवस मी तुला मनातल्या मनात पुरून आले. एक शब्द बोलला असतास तर काय आकाश कोसळलं असतं?"

"वचन दिलं होतं."

"आणि मला?"

दादा तळहातावरचा वळ चोळू लागला.

मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे तू आता..."

"म्हाताऱ्या फादरांचं घर आहे ना, तिथे. दुसरा मजला. एकट्याची खोली आहे. तिथे बायकांना राहता येत नाही." तो थांबला. "तू ती खोली सोडली असतीस तर तुला जायला जागाच राहिली नसती, छोटे. हे बोलता येईना, म्हणून हात ठेवला."

"आणि कपडे?"

"आपापले धुवायचे असतात."

फोन वाजला. कुणाला तरी नवे बिशप हवे होते. तो ठेवतात तोच पुन्हा वाजला, मग मोबाइल वाजायला लागला, बाहेर गाडी थांबली, माणसं आत येऊ लागली. सगळे सेक्रेटरी फादरांकडे धावले. दादाला पॅसेजमध्ये बाजूला व्हायला कुणी सांगितलं नाही. तो आपणहून भिंतीकडे सरकला आणि माणसांना वाट दिली. लोक त्याला नमस्कार करत होते, पण घाईघाईने, आणि नजर पुढे ठेवून.

छोटी त्याला बाहीला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली. खुर्चीवर बसवलं. तो तिथे बसला, बिशप झाल्यावर पहिला आठवडाभर बसायचा तसाच.

"मला भीती वाटतेय गं," तो म्हणाला. "बावीस वर्षांत मी साधा चहासुद्धा करून घेतला नाही."

तिलाही वाटत होती. पूर्वेची खिडकी, शिलाई मशीन, पलीकडच्या खोलीतून ओरडणारी मैत्रीण, सगळं आता तिचं होतं, आणि ते मिळाल्यावर तिला रडूच यायला लागलं. पण दादासमोर ती रडली नाही. तिने खणातून शिवणाचा डबा काढला, कात्री घेतली, त्याच्या झग्याचं छातीवरचं एक बटण धरलं आणि कचकन कापलं.

"अगं, हे काय करतेस?"

तिने बटण त्याच्या त्या वळ उठलेल्या तळहातावर ठेवलं. शेजारी सुई आणि दोऱ्याचं रीळ.

"लाव," ती म्हणाली. "अजून बत्तीस आहेत."